कारखाना तुडवला की तेत्सुओ हसायचा

दिवसभर मासळीच्या शेडमध्ये उभ्यानं मासे कापून फुमिएचे हात संध्याकाळी लाकडासारखे होत. घरी आल्यावर नवऱ्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. तेत्सुओला अर्धांगवायू झाल्यापासून तिला आरशात बघायचाही कंटाळा येई.

तेत्सुओनं उभा जन्म मुरोरान शहरातल्या पोलाद कारखान्यात भट्टीसमोर काढला होता. आता उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलं एकच वेड, राक्षसांचे जुने सिनेमे. रविवारी दुपारी फुमिए डीव्हीडी लावी. रबरी कातड्याचं ते अजस्र धूड समुद्रातून वर येई, पुठ्ठ्याचे पूल मोडी, आगगाडी दोरीसारखी उचली. कारखान्याच्या धुराड्यांवर त्याचा पाय पडला, की तेत्सुओ लाळ गळेस्तोवर खदखदून हसे. त्याची हनुवटी पुसता पुसता फुमिएलाही हसू फुटे.

त्या हिवाळ्यात त्याची थोरली बहीण नोबुए राहायला आली. रविवारचा हा प्रकार बघून ती हबकलीच.

“अगं, आजारी माणसाला हे काय दाखवतेस? काय तो आरडाओरडा!”

“त्यांना आवडतं, ताई.”

“कुक्कुलं बाळ आहे का तो? काहीतरी शांत लाव.”

फुमिएच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. तिनं बागांचा कार्यक्रम लावला. शेवाळलेले दगड, संथ पाणी. तेत्सुओनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्री पेजेचा चमचा दातांवर आपटून परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्या संध्याकाळी फुमिएनं वाडगा खाली ठेवला. “तुम्हीच भरवा, ताई. मी दमले हो.” एवढं बोलून ती रडायलाच लागली.

नोबुएनं भरवून पाहिलं, चुचकारलं, दटावलं. तेत्सुओ ढिम्म.

“लहानपणी असाच हट्टी होता मेला,” ती शेवटी म्हणाली. “लाव बाई तुझा तो राक्षस.”

सिनेमा सुरू झाला. नोबुए नाक मुरडत बसली होती, पण थोड्या वेळानं तिला राहवेना.

“हा तर समुद्रात झोपला होता ना? मग उठवला कुणी?”

“बॉम्ब फोडले तिथं.”

“मग तुडवणारच की!”

तेवढ्यात धुराडी कोसळली आणि तेत्सुओनं आ वासून हसायला सुरुवात केली. नोबुएनं झटकन चमचा आत सारला.

“घास गिळला बघ! आता पुढचा कारखाना कधी?”

“पुढे बंदर आहे.”

“चालेल.”

फुमिएनं खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलावरून सोडलेल्या उबदार दुलईत पाय सरकवले आणि “मी जरा पडते” म्हणून डोळे मिटले. आजारपण आल्यापासून हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. विमानं घोंघावली, गोदामं पेटली. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. बर्फ वितळेपर्यंत नोबुए राहिली. ती गेल्यावर सगळं पुन्हा फुमिएच्या अंगावर आलं, दमणूकही तीच. पण सिनेमा चालू असताना तेत्सुओशेजारी आडवं व्हायला ती आता कचरत नसे.