शिक्षणातल्या खंडाचं कारण

मानोऱ्याच्या तहसीलसमोर प्रतिज्ञापत्रं टाइप करणारे एक काका बसतात. दोनच बोटं चालवतात आणि प्रत्येक शब्द तोंडानं पुटपुटतात. माझं तिथं नेहमी जाणं होतं, पण त्यांना जास्त बोलताना मी ऐकलेलं नाही.

परवा माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील होते. तीन वर्षं बंद पडलेलं शिक्षण पुन्हा सुरू करायचं, तर कॉलेजला त्याचं कारण शपथेवर लिहून हवं होतं.

"खंड कायले पडला?" काकांनी विचारलं.

"घरगुती कारन लिवा," वडील म्हणाले.

काकांची बोटं थांबली. "पोरी, शपथ तुही हाय. तूच सांग."

"भाऊ शिकून राह्यला होता, म्हून मले घरी बसवलं."

काकांनी तेच वाक्य पुटपुटत टाइप केलं. वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि मुलीकडे न बघता सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं.