बाविसाव्या मुलाची खरवड

थर्मन स्नेलला ओळखत नाही असं आमच्या पायनी ग्रोव्हमध्ये कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. तो शाळेची पिवळी बस चालवतो आणि तिच्या आरशाला कुसा विद्यापीठाची जांभळी झालर लटकवतो. कुसाच्या वर्गात त्याने जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. त्यांच्या स्टेडियमचा वरचा सज्जा बांधत होते तेव्हा हा तरणाबांड होता आणि तिथे काँक्रीट ओतायच्या कामावर होता, एवढंच काय ते नातं. पण तेव्हापासून त्याच्या तोंडी 'माझं स्टेडियम' बसलं ते बसलंच. त्याची बायको म्हणायची, हा माणूस लग्न माझ्याशी करून संसार कुसाशी करतोय. ती गेली तेव्हा शवपेटीत याने एक जांभळा रुमाल ठेवला. ती वर जाऊन चिडली असणार याबद्दल मला शंका नाही.

मी क्लीव्ह. माझं कटिंगचं दुकान आहे आणि मी चॅटूगाचा, म्हणजे कुसाच्या हाडवैरी विद्यापीठाचा. अख्ख्या गावात चॅटूगाचा मी एकटाच. हिरवी टोपी घालून इथे राहणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण केस कापायला दुसरीकडे जायचं तर पार पुढच्या गावाला जावं लागतं, म्हणून माझं बरं चाललंय.

आता तुम्हाला वाटेल, फुटबॉलचं, म्हणजे आमच्या चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचं, वेड म्हणजे शनिवारच्या मॅचचं वेड. थर्मनच्या लेखी मॅच दुय्यम. खरा खेळ भरतीचा. शाळा संपवणारी पोरं कोणत्या कॉलेजकडून खेळणार, त्याच्या कागदावर डिसेंबरात सह्या करतात, आणि कोणाची भरती देशात कितवी हे जाहीर होतं. त्या पोरांनी कॉलेजच्या मैदानावर अजून चेंडू हातात धरलेला नसतो, पण त्यावरून होणारी भांडणं वर्षभर पुरतात. चॅटूगा या क्रमवारीत पहिली येऊन गेली होती. कुसा कधीच नाही. मरायच्या आधी ती एकदा पहिली बघायची, ही थर्मनची एकच इच्छा. माझ्या खुर्चीत बसून, गळ्याभोवती फडकं बांधलेलं असताना, तो ती दर वेळी मला नव्याने सांगायचा.

यंदा कुसाने अशी काही पोरं गोळा केली होती की थर्मनच्या अंगात वारं शिरलं. त्याने आपणहून माझ्याशी पैज लावली. ज्याची भरती खाली राहील त्याने दुसऱ्याची टोपी वर्षभर या दुकानात घालायची. मी हो म्हटलं. माझ्या हिरव्या टोपीत तो कसा दिसेल ते बघण्यासाठी मी दुकानसुद्धा पणाला लावलं असतं.

त्याच दिवशी आमच्या चर्चचे डीकन मोझली दाढी करायला आले होते. गृहस्थ भला, पण आकड्यांशी उभा दावा.

"मला एक सांग थर्मन," ते साबणातून म्हणाले, "हा क्रमांक लावतात कसा? माझ्या मते पुढाऱ्यांसारखाच, चिठ्ठ्या टाकून."

झालं. थर्मन कोपऱ्यातल्या खुर्चीतून अर्धा उठला.

"चिठ्ठ्या कसल्या? चार-पाच ठिकाणची जाणती माणसं पोरांचा खेळ बघतात, तारे देतात, गुण देतात. त्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढली की पोराचा आकडा ठरतो. इथवर कळलं?"

"कळलं. मग सगळ्या पोरांचे आकडे जोडायचे, संपलं."

"मग कोणीही उठेल, तीस ठोकळे जमा करेल आणि पहिला येईल."

"बरं, मग सरासरी काढा."

"मग दोनच हिरे घेऊन गप्प बसेल तो पहिला. त्या दोघांनीच खेळायचं का हो मॅचला? एकाने चेंडू धरायचा, दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या?"

डीकन हसले आणि माझा वस्तरा जेमतेम चुकला. मी थर्मनला म्हटलं, "बस खाली, नाहीतर इथे रक्तपात होईल."

"हे बघा," थर्मन बसला. "चर्चच्या जेवणाला लावर्न पीच कॉबलर करते, ते पीचचं भाजलेलं गोड. रांगेत पहिला असेल त्याला डावभर. दुसऱ्याला किंचित कमी. तिसऱ्याला आणखी थोडं कमी. मधल्यांना अर्धा डाव. आणि पंचविसाव्याला?"

"खरवड," डीकन म्हणाले. त्यांना अनुभव होता.

"तसंच. भरतीतल्या सगळ्यात चांगल्या पोराचे गुण पूर्ण धरायचे, पुढच्याचे जरा कमी, असं उतरत जायचं. शेवटच्यांची नुसती खरवड. पण खरवडीनेही बेरीज वाढतेच, घटत नाही. हिरेही हवेत आणि संख्याही हवी. आहे की नाही डोकं?"

लावर्न म्हणजे थर्मनची धाकटी बहीण. तिचा नवरा टेक्सासात तेलविहिरींवर कामाला, सणावारी उगवणारा. तिच्या जकोरीला थर्मननेच वाढवलं. जकोरी टेट आमच्या शाळेच्या बचाव फळीतला. समोरून चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला असा आडवा करायचा की त्याची आई उठून उभी राहायची. पण उंचीला दोन बोटं कमी पडला, म्हणून तारे तीनच. मोठ्यांपैकी कोणी फिरकलं नव्हतं. लेथम नावाच्या लहान कॉलेजचा कोच मात्र लावर्नच्या स्वयंपाकघरात दोनदा येऊन जेवून गेला होता. जकोरी जवळजवळ तिकडचाच झाला होता.

सह्यांच्या आदल्या आठवड्यात चॅटूगाने फ्लोरिडातला एक पाच ताऱ्यांचा पोरगा ऐन वेळी आपल्याकडे ओढला आणि अर्ध्या गुणाने कुसाच्या पुढे गेली. मी दुकानाबाहेर हिरवा झेंडा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतोय तोच थर्मन बस रस्त्यात उभी करून धावत आला. बसमधली पोरं खिडक्यांतून माना काढून बघत होती.

"क्लीव्ह, काढ तो झेंडा. काल कुसाचा फोन आला. जकोरीला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? भरतीला, गाढवा. एकवीस पोरं आहेत, हा बाविसावा. याचे आकडे मी धरून बघितले. मिळते ती खरवडच, जेमतेम एक गुण. पण आपण मागे किती आहोत? अर्धाच." त्याने माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. "माझा भाचा, क्लीव्ह. माझ्या स्टेडियमला माझा भाचा पहिलं आणणार."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी थट्टा करणार होतो, ती गिळली.

दुपारी तो रेडिओच्या कार्यक्रमात फोनवर बोलला आणि गावाला जत्रा लागली. पेट्रोलपंपावर जांभळे फुगे चढले. लावर्नने 'कुसा पहिली' असं लिहिलेला, दरवाजातून आडवा न्यावा लागेल एवढा केक सांगितला. ज्यांना बेरीज येत नाही तीही माणसं 'अर्धा गुण, अर्धा गुण' म्हणत फिरत होती. माझ्या दुकानात येऊन लोक मुद्दाम विचारायचे, जांभळ्या टोपीचं माप काय घेऊ. मी त्या आठवड्यात दोघातिघांचे केस जरा जास्तच कापले.

सह्यांच्या आदल्या दिवशी जकोरी कटिंगला आला. फोटो निघणार म्हणून इथली सगळी पोरं आदल्या दिवशी येतात. थर्मन कोपऱ्यात बसला होता, आनंदाने पाय हलवत.

"मामा," जकोरी म्हणाला, "कुसाच्या यादीत मी कुठे असेन?"

"बाविसावा. खाली, पण पुण्याचं काम."

"म्हणजे खरवड."

"खरवड, पण कसली! तीच पहिला नंबर आणणार."

"आणि लेथममध्ये?"

थर्मनचा पाय थांबला. "तिथे तू पहिला. तुझे गुण पूर्ण धरतील."

मी मशीन बंद केली. मला नाक खुपसायचं कारण नव्हतं, पण न्हाव्याचं नाक. "का रे, कुसाचा कोच घरी आला होता का तुझ्या?"

"नाही काका, फोनच आला. चॅटूगाने तो फ्लोरिडावाला घेतला ना, त्याच संध्याकाळी."

"काय म्हणाले? कुठे खेळवणार?"

"ते नंतर बघू म्हणाले. बुधवारी सही कर एवढंच." मग आरशातून त्याने मामाकडे बघितलं. "आई म्हणते, मामा सांगेल तसं कर. तू सांग. तू म्हणशील तिकडे जातो."

हिशेब थर्मनला कोणी शिकवायला नको होता. त्या संध्याकाळपर्यंत ज्या कोचला हा पोरगा माहीत नव्हता, त्याला चॅटूगा अर्ध्या गुणाने पुढे गेल्याबरोबर तो आठवला. तीन ताऱ्यांचा, हमखास येणारा, एका गुणाचा पोरगा. त्यांना जकोरी नको होता, त्यांना तो एक गुण हवा होता. कदाचित तसं नसेलही, देव जाणे. पण थर्मनच्या तोंडावर मला ते सगळं स्पष्ट दिसलं.

"सकाळी सांगतो," एवढं बोलून तो उठला. टोपी माझ्या खुंटीवरच विसरला.

बुधवारी शाळेच्या जिममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बँड, केक, चर्चच्या बायका जांभळ्या हॅटी घालून. मागे रेडिओवाला फोन कानाला लावून थेट सांगत होता. टेबलावर तीन टोप्या; पोरगा ज्या कॉलेजची टोपी घालेल तिकडे तो जाणार. कुसाची जांभळी, लेथमची तपकिरी, आणि तिसरी माझी हिरवी. चॅटूगाने जकोरीला कधी विचारलंही नव्हतं, पण दोनच टोप्या ठेवल्या तर टेबल ओकंबोकं दिसतं, म्हणून लावर्न माझ्याकडून मागून घेऊन गेली होती. आमच्याकडे सगळे असंच करतात. टेबलामागे मधोमध जकोरी, एका बाजूला लावर्न, दुसऱ्या बाजूला कोट घातलेला थर्मन. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

जकोरीने हात पुढे केला. हिरव्या टोपीवरून फिरवला, लोक ओरडले. तपकिरीवर क्षणभर थांबवला, लोक आणखी ओरडले. मग जांभळी उचलली.

छप्पर उडालं म्हणा ना. बँडने कुसाचं गाणं धरलं. डीकन मोझली, कुणी न सांगता, केक कापायला लागले. रेडिओवाला ओरडून सांगत होता की कुसा पहिली आली, इतिहासात पहिल्यांदा पहिली आली. मी कपाळाला हात लावला.

पण जकोरीने टोपी डोक्यावर घातली नाही. तो थर्मनकडे वळला आणि ती त्याच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली. मग मागे फिरून तपकिरी उचलली आणि स्वतः घातली.

बँडमधल्या ढोलवाल्याला काही कळलं नव्हतं, तो बराच वेळ एकटाच वाजवत राहिला.

"आज सकाळी मी मामाच्या बसमध्ये होतो," जकोरी माइकवर म्हणाला. "सगळी पोरं उतरल्यावर मामा म्हणाला, जकोरी, कुसाचा मी आहे, तू नाहीस. माझ्या नंबरासाठी माझ्या भाच्याला खरवडीच्या रांगेत उभं करणार नाही. जिथे तुला पूर्ण वाढतात तिथे बस. म्हणून मी लेथमला चाललोय. आणि ती टोपी मामाची आहे, ती त्याच्याकडेच राहू दे."

मागून कोणीतरी कळवळून म्हणालं, "अरे, एकच गुण होता रे." कुजबूज वाढायला लागली. तेव्हा लावर्नने माइक ओढला.

"केक माझ्या पैशाचा आहे. ज्याला राग आलाय त्याने खाऊ नये."

सगळ्यांनी खाल्ला. जांभळं क्रीम ओठांना लागलेलं गाव मी त्या दिवशी बघितलं. लेथमचा कोच फोनवर आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडत होता की लावर्नने फोन कानापासून हातभर लांब धरला होता. जकोरीला पोरांनी खांद्यावर घेतलं. चॅटूगा पहिलीच राहिली, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण तो जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी थर्मन दुकानात आला, तीच टोपी घालून. मी हिरवी काउंटरखाली लपवली होती.

"राहू दे थर्मन. पैज विसर."

"पैज म्हणजे पैज. काढ."

काढली. त्याने जांभळी उतरवली, माझ्या खुंटीवर टांगली, हिरवी घातली आणि आरशात बघितलं. "बेडूक दिसतोय," म्हणाला, आणि खुर्चीत बसला. मी फडकं बांधलं. मग तो म्हणाला, "फोन काढ. लेथमची यादी बघ."

मी शोधली. लेथमची भरती देशात एवढी खाली होती की बोट दुखेपर्यंत पान सरकवावं लागलं.

"सापडली. नावं बारीक आहेत."

"वरून पहिलं नाव वाच."

"जकोरी टेट. पायनी ग्रोव्ह."

"गुण?"

"पूर्ण धरलेत."

त्याने डोळे मिटले. "परत वाच," तो म्हणाला. मी कात्री खाली ठेवली आणि परत वाचलं.