ताईच्या मापाचा कागद

छपाईच्या दुकानात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. बाटलीवरचं लेबल असो, औषधाचं पाकीट असो, की दाराला अडकवायची पट्टी असो, गिऱ्हाइकाने नुसती वस्तू पुढे ठेवायची. हा पट्टी लावणार, माप घेणार आणि कॉम्प्युटरमध्ये त्या मापाचा कागद नव्याने तयार करणार. रुंदी, लांबी, चारी बाजूंची कोरी जागा आणि शेवटी त्या मापाला एक नाव. प्रिंटरला स्वतःची मापं मोजकीच ठाऊक असतात, बाकीची आपणच त्याच्या डोक्यात भरवायची. मालक म्हणायचा, "अरे, केसभर इकडेतिकडे झालं तर काय आकाश कोसळतंय?" मिलिमीटर ऐकून घ्यायचा आणि पुन्हा मोजायचा. असला किचकट माणूस सांभाळायला हिंमत लागते आणि ती मालकात होती, हे मान्य करायला हवं.

शंभरेक मापांच्या त्या यादीच्या तळाशी 'ताई एक' ते 'ताई सहा' अशी सहा मापं होती. ती कुठल्याच गिऱ्हाइकाची नव्हती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती सतराची. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे तीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितं तपासत होती. वाचनाचं वेड असं, की सामान बांधून आलेला कागदसुद्धा हाताने सरळ करून वाचल्याशिवाय टाकायची नाही. आणि डोळे जायचे तर नेमके तिचेच! नजरेच्या मधोमध एक डाग पडला आणि तो पसरतच गेला. डॉक्टरांनी हात टेकले. शेजारीण पेपर वाचून दाखवायला आली, तर ताईने तिला चहा पाजून परत पाठवलं. "दुसऱ्याच्या तोंडून वाचायची वेळ आली ना, की मी संपले असं समज," असं ती भावाला म्हणाली. त्याने ते मनाला लावून घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी तो तिला मोठ्या अक्षरात छापलेलं पत्र नेऊन देऊ लागला. आठवडाभराच्या गमतीजमती, मालकाच्या तऱ्हा, गल्लीतली भांडणं. अक्षर वाढवलं तसे ओळीत दोनच शब्द मावू लागले, म्हणून त्याने कागद रुंद केला, मग लांब केला. 'ताई सहा' तर उघडला की तिच्या मांडीवरून खाली लोंबायचा. पूर्वी ती पत्रातल्या चुका काढून त्याला धारेवर धरायची. गेले काही महिने एकही चूक निघत नव्हती. गडी खूश! आपलं लिहिणं सुधारलं, असंच त्याला वाटत होतं.

मग त्याने 'ताई सात' तयार करायला घेतला. शनिवारची गर्दी होती. वरच्या बाजूला तिला धरायला सत्तर मिलिमीटर कोरी जागा सोडायची, म्हणून त्याने सत्तर आकडा टाकला. सकाळी एका फलकासाठी त्यानेच मापाचं एकक सेंटिमीटर करून ठेवलं होतं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मजकूर कागदाबाहेर जातोय, पुढे जायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तो नव्या मापाला नेहमीच कुरकुरतो, म्हणून याने सवयीने 'हो' दाबलं. कागद पालथा बाहेर आला. गिऱ्हाइकाचा कागद तो तीनदा तपासायचा. हा घरचा होता. त्याने तसाच गुंडाळला आणि दोरा बांधला.

रविवारी ताईकडे चप्पल काढता काढताच त्याने नेहमीप्रमाणे बातम्या सांगायला सुरुवात केली. मालकाने नवा चष्मा घेतला आणि तोच डोळ्यांवर ठेवून दिवसभर शोधला, वगैरे. ताई पत्र घेऊन खिडकीशी बसली. तो समोर बसला. एरवी खिडकीच्या उजेडात कागदातून अक्षरं उलटी दिसायची. आज काहीच दिसेना. त्याने मान वाकडी केली, पुढे सरकला. कागद कोरा होता. पार कोरा.

"ताई, अगं..." एवढं तोंडून निघालं.

"थांब रे, वाचू दे की," ती म्हणाली. तिची मान डावीकडून उजवीकडे फिरत होती, पुन्हा डावीकडे येत होती. मध्येच ती खुदकन हसली. शेवटी कागद गुंडाळत म्हणाली, "चष्म्याचं छान लिहिलंयस. तुझ्या मालकाचं काही खरं नाही बाबा! आणि हे बघ, अक्षर जरा लहान केलंस तरी चालेल. मला दिसतं. उगाच कागद कशाला वाया घालवायचा?"

"बरं," तो म्हणाला. पाणी पितो म्हणून तो आत गेला आणि नळ सोडून त्याच्या आवाजाखाली रडला. किती रविवार हे असं चाललं होतं? ती स्वतःसाठी करत होती, की त्याला वाईट वाटू नये म्हणून? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं, तर ती संपली असती.

पुढच्या शनिवारी त्याने तिच्या म्हणण्याप्रमाणे अक्षर लहान केलं. लिहायला बसला आणि मालक, गल्ली काही सुचेचना. त्याऐवजी त्याने लिहिलं, की तुझं ठरलेलं लग्न तू माझ्या शाळेपायी मोडलंस, हे मला केव्हाच कळलं होतं. कळूनही मी गप्प राहिलो. त्या माणसाला परत पाठवलंस तेव्हा मी दाराआड उभा होतो आणि मला बरं वाटलं होतं. मला माफ कर. चाळीस वर्षांत हे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. ती वाचणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच लिहिता आलं.

रविवारी ताई खिडकीशी बसली. तिने कागद डोळ्यांजवळ धरला. मान हळूहळू फिरवत ओळीमागून ओळ शेवटपर्यंत नेली.

मग ती हसली. "तुझा मालक काही सुधारायचा नाही रे!"

"नाहीच सुधारायचा," तो म्हणाला आणि तिच्याबरोबर हसला.