पहिला घड

चिंच भिजत घातली की आमच्या गावची, बोरी अरबची ती दुपार आठवते. नाशिकला वाइनच्या कारखान्यात असलेल्या भावाने आमच्या अंगणात फोल ब्लांशची वेल लावली होती. ब्रँडीसाठीचं फ्रेंच द्राक्ष ते, पांढरं आणि आंबटढाण. “लावणाऱ्यानं पयला घड खाल्ल्याबिगर कोणी हात लावाचा नाही,” आई बजावायची. वेलीला पहिले घड लागले आणि तिकडे भाऊ अपघातात गेला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आईने सगळे घड तोडले, ठेचले आणि चिंचेऐवजी वरणात टाकले. एरवी जरा आंबट लागलं की ताट सरकवणारे बाबा म्हणाले, “अजून वाढ वं.” तिने वाढलं. आम्हीही जेवलो. ते वरण आंबट होतं का, मला आजही सांगता येत नाही.