हेस्टरचा सदका

अर्शदचा फोन यायचा बंद झाला तेव्हा सुरुवातीला मी त्याच्यावर चिडलेच होते. माझा मुलगा मालवाहू बोटीवर इंजिन रूममध्ये काम करतो. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते हे मला त्याच्या पहिल्या ट्रिपपासून ठाऊक आहे. पण बंदर दिसलं की पहिला फोन आईला, हा त्याचा नेम. या वेळी बोट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाली होती. पोचायची तारीख उलटली, आठवडे गेले, फोन नाही. कंपनीत विचारलं की आधी "चौकशी करतो" म्हणायचे, मग कुणी उचलेनासं झालं आणि एक दिवस तो नंबरच बंद लागला. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या मनाने त्या दिवसांत काय काय चिंतलं ते इथे लिहवत नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान, आता ओमानमध्ये असतो. माझे यजमान सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. आठवडाभर ते तिथेच कंपनीच्या खोलीत राहतात आणि गुरुवारी संध्याकाळी मस्कतजवळ सीबला घरी येतात. मुलीचं लग्न होऊन ती मुंब्र्याला गेली. म्हणजे आठवड्याचे बहुतेक दिवस घरात मी, माझं शिलाई मशीन आणि एसीचा आवाज. पूर्वी या एकटेपणाचं मला काही वाटत नसे. बिल्डिंगमधली मुलं शाळेतून आली की माझ्या दारात घुटमळायची, कारण माझ्याकडे काहीतरी गोड असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. अर्शदची बातमी बंद झाल्यावर मात्र घर खायला उठलं.

एका दुपारी जोहरची नमाज झाल्यावर मी तशीच मुसल्ल्यावर बसून राहिले आणि मन्नत मागितली. माझा मुलगा घरी येईपर्यंत या घरात गोड शिजणार नाही, माझ्या जिभेवर साखरेचा कण पडणार नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणायच्या, मन्नत कुणाला सांगितली की तिचा जोर जातो. म्हणून मी सांगितली नाही. अर्शदबद्दलही बिल्डिंगमध्ये अवाक्षर काढलं नाही, कारण लोकांची तोंडं मला माहीत आहेत. नोकरी सोडून पळाला म्हणायला त्यांना किती वेळ लागतो? मुलं दारात आली की मी "आंटीला शुगर झालीय, घरात गोड नसतं" असं सांगून दार लावून घ्यायची. दोनचारदा असं झाल्यावर ती यायची बंद झाली. ईद आली तेव्हा शिरखुर्मा झाला नाही. यजमानांनी मशिदीतून आणलेला खजूर खिशातून काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी दुआ दुआ राहिली नव्हती. पाच वेळा मुसल्ला अंथरत होते, ओठ हलत होते, पण मनात एकच चालायचं. मी एवढं सोडलंय, आता तू दे. उत्तर आलं नाही की मी आणखी काही सोडायची. आधी गोड सोडलं होतं, मग चहा सोडला, मग नवे कपडे. देव ऐकत नाही म्हणून मी हट्टाला पेटले होते. आणि हट्टाला पेटलेल्या माणसाजवळ कुणी बसत नाही, हेही तेव्हाच कळलं.

अशातच वरच्या मजल्यावर मिस लोरेन राहायला आल्या. अमेरिकन बाई, साठीच्या आसपासच्या, काळ्यासावळ्या, उंच आणि हाडापेराने मजबूत. मस्कतच्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत त्या इतिहास शिकवतात. सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, घेतलेला कुठलाच झगा त्यांच्या घोट्यापर्यंत पोचत नसे, म्हणून खाली पट्टी लावून घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. मी रत्नागिरीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, त्यामुळे इंग्रजी समजतं. बोलताना मात्र अजून ठेच लागते. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मशीनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्यात तांदूळ भिजवून, वाटून काही गोड करतात का? लहान मुलांना वाटायला?"

मी दचकले. म्हटलं, "करतात. आम्ही त्याला सांदण म्हणतो."

"मला शिकवाल?"

"नाही," मी म्हटलं. इतकं तुटकपणे, की माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

त्या रागावल्या नाहीत. शांतपणे कारण सांगू लागल्या. त्यांच्या पणजीची आई हेस्टर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर भाताच्या मळ्यात गुलाम होती. हेस्टरच्या बापाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून, साखळ्या घालून आणलेलं. तो मुसलमान होता, कामावर जायच्या आधी सूर्याकडे तोंड करून सजदा करायचा. हेस्टरला त्याच्याकडून पूर्ण नमाज शिकता आली नाही, पण एक रीत शिकता आली. वर्षातून एकदा तांदूळ रात्रभर भिजवायचे, उखळात कुटून त्यांचा गोळा करायचा, मध किंवा साखर मिसळायची, आणि वस्तीवरच्या सगळ्या पोरांना बोलावून हातावर एकेक वडी ठेवायची. पुढच्या पिढ्या ख्रिस्ती झाल्या, बापाचा धर्म विसरल्या. वड्या राहिल्या. लोरेनबाई पुढे मोठ्या झाल्या, पुस्तकं वाचली, तेव्हा त्यांना कळलं की ती खैरात होती, सदका होता. दरवर्षी त्यांच्या घरच्या बायका एकत्र जमून या वड्या करतात. या वर्षी लोरेनबाई पहिल्यांदाच घरापासून लांब होत्या. इथे एकट्याने मिक्सरमध्ये करून पाहिल्या तर त्यांची खळ झाली, असं म्हणून त्या हसल्या. पण डोळे काही हसत नव्हते.

मग मी मन्नत सांगून टाकली. अर्शदचंही सांगितलं. इतके महिने घट्ट धरून ठेवलेलं एका परक्या बाईपुढे का बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं आठवतं की बोलताना मी झग्याची पट्टी उसवत होते आणि ती चांगली बसलेली होती.

लोरेनबाई म्हणाल्या, "हेस्टरची एक मुलगी होती. मालकाने विकली. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. पुढे त्या देशात युद्ध झालं. उत्तरेची राज्यं आणि दक्षिणेची राज्यं गुलामीवरून एकमेकांशी लढली, आणि शेवटी गुलामी संपली. सुटलेल्या लोकांनी पहिलं काम काय केलं असेल? आपली माणसं शोधायला निघाले. पायी. चर्चमध्ये नावं वाचून दाखवायचे, अमक्याची आई शोधतेय, तमक्याला कुणी पाहिलंय का. सरकारवाले त्यांना जमिनी देऊ म्हणाले होते, काहींना दिल्याही, आणि परत काढून घेतल्या. हेस्टर तशीच, काही हातात नसताना, मुलीला शोधत गावोगाव फिरली."

"सापडली?"

"नाही. परत आली आणि मुलीला ज्या दिवशी नेलं होतं, त्याच दिवशी दरवर्षी वड्या करू लागली. तोच आमचा दिवस."

मला राग आला. लोरेनबाईंचा नव्हे, हेस्टरचाही नव्हे. मनात आलं, मग काय मिळालं त्या हेस्टरला? लेक गेली, जमीन गेली आणि ही बसली दुसऱ्यांच्या पोरांना वड्या खिलवत! माझा चेहरा कधीच गुपित ठेवत नाही. लोरेनबाई झगा घेऊन वर गेल्या. त्यानंतर मशीनवर बसले की ती हेस्टर माझ्यासमोर येऊन बसू लागली. जिचा स्वतःचा देहसुद्धा एकेकाळी तिच्या मालकीचा नव्हता, ती वाटत होती. माझ्या डब्यात तांदूळ होते, साखर होती, नारळ होते, आणि मी दार लावून बसले होते.

गुरुवारी यजमान आले. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं, मन्नतीसकट. मन्नत मोडली आणि अर्शदला काही झालं तर? ते मितभाषी माणूस. घास संपवून म्हणाले, "सगला तूच ठरवलंस. अल्लान मागितलान होतान काय तुझ्याकडं?" आणि थोड्या वेळाने, "पोर त्याच्या हातात हाय. तुझ्या साखरेच्या डब्यात नाय गो."

मी त्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य काढलंय, पण मला इतकं लागेल असं ते कधी काही बोलले नव्हते. मी उठून तांदूळ भिजत घातले.

शुक्रवारी सकाळी लोरेनबाई खाली आल्या. आम्ही तांदूळ वाटले, नारळाचा रस काढला. गावाकडे सांदण फुगवायला माडी घालायचे, इथे यीस्ट घालतो. वाट्यांत ओतून चाळणीवर वाफवायला ठेवण्याआधी पिठात साखर घालायची होती. साखर घालताना माझा हात अडला. मी रडले, मोठ्याने रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लोरेनबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला नाही. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि साखर घातली. मनात म्हटलं, या अल्लाह, हे कशाच्या बदल्यात नाही. तो तुझा आहे, तू बघ. इतक्या महिन्यांत मी मागितलेली ती पहिली खरी दुआ.

जुम्म्याची नमाज झाल्यावर मी दार उघडं ठेवलं. मुलं आली, आधी एक, मग झुंडीने. "आंटी, इज धिस स्वीट इडली?" "आंटी, युवर शुगर इज ओके नाऊ?" मी म्हटलं, हो बाबांनो, ओके झाली. त्यातली एक मंगळूरकडची चुणचुणीत मुलगी भिंतीवरचा अर्शदचा बोटीवरच्या बॉयलर सूटमधला फोटो बघत उभी राहिली. म्हणाली, "माय पापा ऑल्सो वर्क्स विथ शिप्स." पापांना बोलावशील का, मी तिला विचारलं, तिने घरी जाऊन सांगितलं, आणि तासाभरात तिचे वडील डिसोजा माझ्या दारात उभे होते. ते शिपिंग ऑफिसात होते. एकाच जिन्याने आम्ही रोज चढत-उतरत होतो, आणि मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

"बहनजी, पहले क्यों नहीं बोला?" एवढंच ते म्हणाले, आणि बोटीचं नाव लिहून घेतलं.

चारसहा दिवसांत त्यांनी शोध लावला. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली होती. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान बंदराबाहेर ती नांगर टाकून पडून होती. डिझेल संपलेलं, वीज नाही, फोन मुके झालेले, आणि खलाशांना खाली उतरायची परवानगी नाही. पण सगळे जिवंत. डिसोजांनी तिथल्या एका एजंटला गाठलं. तो आपला फोन घेऊन होडीतून बोटीवर गेला, आणि एका दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजला.

"अम्मी."

आईच्या जातीला जे पहिलं सुचतं तेच मी विचारलं. "खातोस काय रे? बोटीवरचं तर संपलं असेल."

"कधीच संपलं. पण आम्ही उपाशी नाही गं. इथे किनाऱ्यावर एक बाई आहे, मासेवाल्यांच्या वस्तीतली. तिच्या मुलांच्या होडीतून रोज भात पाठवते. कधी मासे, कधी नुसता भात."

"कधीपासून?"

"आमचं रेशन संपलं त्या पहिल्याच आठवड्यापासून. कुणी सांगितलं नव्हतं तिला. नाव पण माहीत नाही, आम्ही सगळे मामा म्हणतो. इकडे आईला तसंच म्हणतात."

फोन ठेवल्यावर मी जमिनीवरच बसले. मी गोड सोडलं होतं, चहा सोडला होता, दार लावून घेतलं होतं, देव ऐकत नाही म्हणून रुसले होते, आणि त्या सगळ्या काळात माझ्या लेकराच्या हातावर रोज कुणीतरी भात ठेवत होतं. माझी सांदणं त्याची किंमत नव्हती. माझी मन्नतही नव्हती. मी काही देण्याच्या कितीतरी आधीच ते सुरू झालेलं होतं. हा चमत्कार की योगायोग, मला वाद घालायचा नाही. तेवढी माझी पोच नाही.

अर्शद पुढे बऱ्याच खटपटींनंतर परत आला, वाळून गेलेला. तोवर महिने गेले, आणि तेही एकटेपणातच गेले. सोहार तिथेच आहे आणि गुरुवार आठवड्यातून एकदाच येतो. पण दार आता मी लावून घेत नाही. दुआला हात उचलले की आधी त्या मामाच्या चुलीसाठी मागते, मग माझ्यासाठी काही आठवलं तर. बहुतेक वेळा आठवत नाही. अल्हम्दुलिल्लाह म्हणते आणि उठते.

लोरेनबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. हेस्टरवर झालेला अन्याय यामुळे कणभरही कमी होत नाही, हे मला कळतं. तिची मुलगी सापडली नाही ते नाहीच. पण त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आणि आजही मला तसंच वाटतं, की तिची लेक जिथे कुठे होती, तिथे कुणाची तरी आई तिला जेवायला बोलावत असेल.