शाबास

महाडच्या फिजिओथेरपिस्ट तसनीमचे हात नामी आणि तोंड फटकळ. बारा वर्षं तिने कुरकुरणाऱ्या पेशंटना दटावून चालतं केलं. मग दवाखान्यात एआयचं अ‍ॅप आलं. घरी फोनसमोर व्यायाम करायचा, ते मोजणार, वर ‘शाबास’ म्हणणार. उमरठच्या गणूची उजवी बाजू लकव्याने गेली होती. एसटीची दगदग वाचेल म्हणून तसनीमनेच ते त्याच्या फोनमध्ये घालून दिलं.

तीन महिने तिच्या स्क्रीनवर गणूचा हात रोज वीस वेळा वर गेला. खूश होऊन ती त्याला भेटायला गेली. तिने त्याचा उजवा हात उचलून सोडला, तर तो ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडला.

“मावशी, हा रोज वर कसा जायचा?”

गणूची बायको मंजुळा खाली बघत म्हणाली, “फोनात एकच मानूस दिसाया पायजे होता. मी मागं लपून उचलायची.”

“अहो, पण का? हात सुधारायला हेच महिने मोलाचे होते!”

“तो शाबास बोलला का हे हसायचे, मॅडम. आजारी पडल्यापासून दुसऱ्या कशाला हसले नाय.”

बारा वर्षांत आपण एकाही पेशंटला शाबास म्हटल्याचं तसनीमला आठवेना.