वार्निश लावलेलं जस्त

पद: सहायक शिक्षिका, विज्ञान. सेवा: बावीस वर्षे. वर्तन: समाधानकारक. विशेष प्रावीण्य: निरंक. मुलं त्यांना ठिणगीबाई म्हणतात. त्यासाठी सेवापुस्तकात रकाना नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "बाई, साहेबांसमोर दिवा लागला तर ठीक. नाहीतर प्रात्यक्षिकाचा तास बंद, तिथे शुद्धलेखन." बाईंचा जीव अडकलेला होता तो त्याच तासात.

टेबलावर व्हिनेगरचे तीन पेले. प्रत्येकात तांब्याची एक आणि जस्ताची एक पट्टी, सगळ्या तारांनी जोडलेल्या, आणि टोकाला वाटाण्याएवढा लाल दिवा. साहेब मागच्या बाकावर, गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून.

"जस्त आम्लात झिजतं," बाई म्हणाल्या. "त्या झिजण्यातून जी ऊर्जा निघते, ती तारेतून दिव्याकडे जाते."

"आणि तांबं काय करतं, बाई?"

"तांबं झिजत नाही. नुसतं उभं राहतं."

"आमच्या बाबांसारखं," एक मुलगी म्हणाली.

वर्ग हसला. दिवा मात्र लागला नाही.

बाईंनी तारा हलवल्या, चिमटे दाबले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग बाईंनी एक पट्टी उचलून नाकाशी नेली आणि दाराकडे नजर टाकली. तिथे प्रयोगशाळेचे मामा उभे होते, लेकीचं बक्षीस बघायला आलेल्या बापासारखे. तपासणी म्हणून त्यांनी सगळ्या पट्ट्या चकचकीत घासल्या होत्या आणि वर वार्निशचा हात दिला होता. दोनदा. बाईंनी खरं कारण सांगितलं असतं, तर मामांना मेमो ठरलेला.

"हा झाला पहिला भाग," फळा पुसावा तितक्या सहज बाई म्हणाल्या. "क्रिया कधी होत नाही? धातूला रेनकोट घातला की. आता पॉलिशपेपर घ्या आणि घासा."

"पुस्तकात असा पहिला भाग नाही," साहेब म्हणाले.

"पुस्तकातल्या पट्ट्या कोऱ्या असतात, साहेब."

मामांचा चेहरा उतरला. ते आत आले आणि सगळ्यांत जोरात तेच घासायला लागले. तिसरी जोडी पेल्यात गेली तसा दिवा लागला. उजेड इतका बेताचा, की बघायला साहेबांना बाकातून सुटून पुढे यावं लागलं. आले, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

अहवाल असा: "प्रात्यक्षिक अकरा मिनिटे विलंबाने, दोन भागांत पूर्ण. तासिका पुढील आदेशापर्यंत चालू ठेवण्यास हरकत नाही. उपस्थिती: एकोणचाळीस."

खोलीत तेव्हा त्रेपन्न मुलं होती. वरची चौदा दुसऱ्या वर्गातली; हजेरीप्रमाणे ती मैदानावर कवायत करत होती.